शिंपल्यांची थाळी

मी तामचिनीची खोलगट थाळी बोलतेय. पांढरी, निळ्या काठाची. टवके उडून उडून गोरेपण गेलं, पण आठवण शाबूत आहे.

भट्टीतून निघाले, दुकानात टांगले गेले, तिथून या घरात आले. घरच्या धाकट्याने पहिला घास माझ्यात खाल्ला आणि मग मलाच जमिनीवर आपटलं. पहिला टवका तो. पुढे स्टीलची ताटं आली आणि माझी रवानगी बदकांच्या खुराड्यात झाली.

पण तिथलं काम मोठं होतं, बरं का. त्याच धाकट्याची बायको, म्हणजे घरची सून, माझ्यात शिंपल्यांचा चुरा भरायची. पीठ नव्हे, मसुरीएवढे तुकडे. बदकीला अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो आणि तो नुसत्या दाण्यातून पुरत नाही.

दिवसभर बदकी माझ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. उन्हं उतरली की मात्र चोची भरभरून घ्यायच्या. रात्रभर पोटात कवच घडायचं असतं ना! त्यांचं झालं की सून मला पुन्हा काठोकाठ भरायची आणि खुराडं लावायची.

घोळ झाला तो इथेच. सकाळी झाडायला सासूबाई यायच्या. त्यांना मी रोज भरलेलीच दिसायची. सून बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर गेली, त्याच दिवशी त्यांनी मला उचललं. "वर्षभर बघतेय, एकीने चोच लावली नाही. नुसती अडगळ!" चुरा अंगणात फेकला आणि मला नळाखाली साबण ठेवायला नेलं.

सून परतली तेव्हा अंड्यांची कवचं पातळ झाली होती. थोरली बदकी तर लंगडत होती आणि तिचं अंडं म्हणजे नुसतं लिबलिबीत कातडं. ही थोरली सुनेने माहेरून टोपलीत घालून आणलेली.

"म्हातारी झाली ती," सासूबाई म्हणाल्या. "शुक्रवारी खाटीक येतोय, देऊन टाकू."

सून हात धुवायला नळाशी आली आणि मला बघून थबकली. "आई, ही थाळी इथे कशी?"

"मग काय तिची पूजा करू? कोण खात होतं त्यातलं?"

"मी रोज संध्याकाळी भरत होते, म्हणून तुम्हाला सकाळी भरलेली दिसायची. आज माझ्याबरोबर चला."

संध्याकाळी मला पुन्हा चुऱ्याने भरून दोघी खुराड्यापाशी बसल्या. बदकी माझ्यावर तुटून पडल्या. थोरली फरफटत आली, तिला सुनेने वाट करून दिली. नर आला, हुंगून निघून गेला.

"याला नको वाटतं?"

"तो कुठे अंडी घालतो?"

"पुरुषांची मजाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मग रोजच्या दाण्यातच मिसळून टाक की. भांडण नको."

"नको. नराला आणि पिल्लांना जास्त झालं तर बाधतं. जिला हवं तिने घ्यावं. मिळालं नाही तर आई, बदकी स्वतःच्या हाडांतून कवच काढते. म्हणून लंगडतेय ती."

सासूबाईंचा हात आपल्या गुडघ्यावर गेला. मग म्हणाल्या, "सहा बाळंतपणं झाली माझी. माझ्यापुढे नाही कुणी थाळी ठेवली."

शुक्रवारी खाटीक आला. थोरलीचं अंडं अजून पातळच होतं, बोट लावलं तर दबत होतं. सून दारात उभी राहिली. सासूबाईच पुढे झाल्या. "आमच्याकडे द्यायला काही नाही," म्हणाल्या आणि फाटक लावून घेतलं.

पुढल्या आठवड्यात त्यांनी थोरलीचं अंडं माझ्या काठावर टिचकवून पाहिलं. टक्क वाजलं, फुटलं नाही. माझाच एक टवका उडाला. त्याचं मला दुःख नाही.

आता तळाला गंज चढलाय, भोक पडेल कधीतरी. मला भरतात आता सासूबाई. आणि सून तेव्हाच त्यांच्या हातात दुधाचा पेला देते. त्या कुरकुरतात, पण पितात.

तुमच्याही खुराड्यात अशी एखादी भरलेली थाळी असेल. सकाळी बघून उचलू नका. संध्याकाळी या, घटकाभर बसा.