तिसऱ्या वेळी पास

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात टेस्टर बाईंना सगळे ‘भिंग’ म्हणायचे. कुणाच्या कामातली बारीकशी चूकही त्यांना दिसायची, आणि दिसली की त्या गप्प बसायच्या नाहीत. पण दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसेलच असं कुठे आहे?

काम होतं एका डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटचं. पेशंटने घरबसल्या आपली वेळ ठरवायची. बाईंनी एक तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, वापरून पंचवीस चाचण्या लिहिल्या होत्या. रोज सकाळी त्या आपणहून ब्राउझर उघडायच्या, खोटा पेशंट होऊन नाव भरायच्या, बटण दाबायच्या आणि केंद्राच्या यादीत नाव चढलं का ते बघायच्या. चढलं तर हिरवं, नाही तर लाल.

सतरा नंबरची चाचणी मधूनच लाल व्हायची. पुन्हा चालवली की हिरवी. नेट हळू असेल, असं सगळे म्हणायचे. टीमचे मुख्य तर हसून म्हणायचे, रोज मरे त्याला कोण रडे! शेवटी वैतागून बाईंनीच एक ओळ घातली : चाचणी फसली तर आणखी दोनदा चालव, एकदा जरी जमली तरी पास. दुसऱ्या दिवसापासून सगळं हिरवंगार, आणि कटकट मिटली.

अहो, पण पेशंट काय तीन-तीनदा बटण दाबतो होय? पडद्यावर ‘वेळ नक्की झाली’ असं दिसलं की तो मोबाइल खाली ठेवतो.

वेबसाइट पेशंटसाठी खुली झाली त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी केंद्राच्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला. दोन पेशंट दारात उभे होते. मोबाइलवर वेळ नक्की झाल्याचं दाखवत होते, आणि यादीत नावच नव्हतं. डायलिसिसच्या खुर्च्या सगळ्या भरलेल्या. कसंबसं जमवते, म्हणाल्या त्या, पण असे आणखी किती आहेत?

बाईंनी सतराव्या चाचणीच्या जुन्या नोंदी उघडल्या. पहिल्यांदा फसली, दुसऱ्यांदा पास. फसली, फसली, पास. तीन आठवडे हेच चाललेलं. पडदा हो म्हणत होता आणि नाव यादीपर्यंत पोचतच नव्हतं. चाचणी बिचारी रोज ओरडत होती, आणि तिचं तोंड बाईंनी स्वतःच्या हाताने दाबलं होतं.

या नोंदी त्यांच्याशिवाय कुणी बघत नसे. ती एक ओळ पुसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंचा हात कीबोर्डवर दोन मिनिटं तसाच राहिला. सोमवारी दारात कोण उभं राहील, आणि कोण उभं राहण्याच्या स्थितीत नसेल, हेच डोक्यात फिरत होतं.

मग त्या उठल्या आणि मुख्यांना सगळं सांगितलं, त्या ओळीसकट. मुख्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ऑनलाइन वेळ घेणं तिथल्या तिथे बंद करायला लावलं आणि विचारलं, हरवलेली नावं परत काढता येतील का? नाही येणार, बाई म्हणाल्या. जे यादीत पोचलंच नाही ते काढणार कुठून?

एकच वाट होती. केंद्राकडून नेहमीच्या पेशंटची जुनी यादी मागवली. पुढच्या आठवड्यात वेळ नसलेली त्रेचाळीस नावं निघाली. त्यातल्या कुणी वेळ घेतलीच नव्हती, कुणाची हरवली होती, ते विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. मुख्य म्हणाले, फोन सिस्टर करतील. बाई म्हणाल्या, मी करते.

पहिला फोन एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. सोमवारी सकाळी सातची वेळ घेतली आहे, म्हणाले. मुलीने शिकवलं, पण बटण त्यांनी स्वतः दाबलं होतं.

बाईंनी हळूच सांगितलं, की ती वेळ केंद्राकडे पोचलेली नाही, पण सिस्टरांशी बोलून सोमवारची खुर्ची आत्ताच मिळवून देते.

ते अगदी ओशाळून म्हणाले, “माफ करा हं. मला ते मोबाइलचं नीट जमत नाही. माझंच काही तरी चुकलं असणार.”

“नाही आजोबा,” बाई म्हणाल्या. “तुमचं सगळं बरोबर होतं. चुकलं माझं.”