सबोहतच्या गाडीतले निळे दिवे

मला वस्तू उघडून बघायची खोड आहे. उझबेकिस्तानात, मार्गिलान शहरातल्या आमच्या गल्लीतले लोक इस्त्र्या, किटल्या, पंखे दुरुस्तीला माझ्याकडेच आणतात, मला ओपा, म्हणजे ताई म्हणतात आणि जाताना बजावतात, “जुमराद ओपा, नुसती वायर जोडा हं. आत काही शोधत बसू नका.” मी शोधतेच. आत काय आहे ते बघितल्याशिवाय माणसाला झोप कशी लागते, हेच मला कळत नाही.

माझ्या थोरल्या भावाला, एर्गशला, हीच खोड. तो बाळांचे लाकडी पाळणे करतो. अठरा वर्षांपूर्वी तापात त्याचे दोन्ही कान गेले. त्याची लेक सबोहत तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हापासून तो समोरच्याचे ओठ वाचतो आणि स्वतः बोलतो ते असं ओरडून, की छपरावरची कबुतरं उडतात.

सबोहतचं लग्न आठ दिवसांवर आलं, तेव्हा तो माझ्या टेबलापाशी येऊन बसला.

“जुमराद, पाठवणीला बायका योर-योरचं गाणं गातील ना?”

“गातील नाही तर काय! नुसता पुलाव हाणायला येतायत होय?”

“मग ते मला कसं कळणार?”

“ओठ बघ की.”

झालं, भडकला. “कुणाचे ओठ बघू? बायका गाडीला गराडा घालून उभ्या, माझ्याकडे पाठ करून. पोरीच्या तोंडावर ओढणी. डफाला हात लावून बघावं, तर बायकांच्या घोळक्यात मी घुसू? दुवा दिली की बापानं उंबऱ्यापाशी उभं राहायचं. माझी एकुलती एक पोर घर सोडून जाणार आणि मला काय, नुसती माणसांची तोंडं हलताना दिसणार?”

मी हातातला पेचकस खाली ठेवला. मी पेचकस खाली ठेवला म्हणजे विषय गंभीर असतो. मग त्यानंच हळूच, म्हणजे त्याच्या मानानं हळूच, विचारलं, “आवाज दिसेल असं काही करता येत नाही का गं?”

बस्स. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. एका मोडक्या टेपरेकॉर्डरचा माइक काढला, आवाज मोठा करणारा त्याचा भाग काढला, पुढे एक निळा एलईडी जोडला आणि टाळी वाजवली. दिवा लुकलुकला. किटलीवर चमचा आपटला, पुन्हा लुकलुकला. मी खोकले, शिंकले, कोंबड्याला डिवचलं. मग दादाला हात करून बोलावलं. तो आला आणि म्हणाला, “हे काय?” दिवा असा भक्कन पेटला की आम्ही दोघंही दचकलो.

“मी एवढ्यानं बोलतो?”

“अठरा वर्षं तेच तर सांगतेय!”

त्यानंतर दोन दिवस तो कुजबुजत होता. तिसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता गाडी. आमच्यात नवरीची गाडी नवऱ्याकडून येते, आणि ती होती नवऱ्याच्या चुलतभावाची, कुवोंचची. हा कुवोंच दिवसातून तीनदा गाडी पुसतो. दोन वर्षं झाली, सीटांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. मी वायरींचं भेंडोळं घेऊन त्याच्या दारात गेले, तर दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभा राहिला.

“ओपा, ही गाडी आहे, चायखाना नाही. रंगीबेरंगी दिवे लावायला!”

“एकही भोक पाडणार नाही.”

“आणि पेटली म्हणजे?”

“मध्ये फ्यूज घालतेय ना! जळला तर तो जळेल, तुझं प्लॅस्टिक नाही.”

दिवे कशासाठी ते मी सांगितलं, तेव्हा त्यानं बराच वेळ टाचेनं माती उकरली. मग स्वतःच दार उघडलं आणि म्हणाला, “चपला काढून बसा.”

जुन्या दिव्यांतून काढलेले एलईडी मी तीन-तीनच्या माळांत सोल्डर केले होते. त्या माळा पारदर्शक नळीत घालून मागच्या खिडक्यांच्या कडेनं बसवल्या. सिगारेट पेटवायच्या खोबणीतून वीज घेतली, दुसरी तार गाडीच्या पत्र्यावरच्या स्क्रूला आवळली. माइक बाहेरच्या आरशाला बांधला आणि त्याची वायर खिडकीतून आत घेतली, म्हणजे बायका गातील ते त्याला नीट ऐकू जाईल. मग अंगणात एकटीनं डफ वाजवून पाहिला. प्रत्येक थापेला खिडक्या निळ्या होत होत्या, सूर लांबवला की उजेडही लांबत होता. कुवोंच गाडी पुसायचं विसरून बघत राहिला. मी स्वतःवर एवढी खूश झाले म्हणून सांगू!

आणि तिथंच माती खाल्ली. मी सगळं तपासलं ते शांत अंगणात. मार्गिलानमध्ये जन्म काढलेल्या बाईला हे कळू नये, की आमच्याकडे नवरी कर्ण्यांशिवाय आणि हॉर्नशिवाय निघतच नाही?

दिवेलागणीला सबोहत घराबाहेर आली. दादानं तिला दुवा दिली, डोक्यावर हात ठेवला आणि रिवाजाप्रमाणे उंबऱ्यापाशी थांबला. ती गाडीत बसली. बायकांनी डफ उचलले, योर-योर सुरू झालं, आणि त्याच क्षणी दोन माणसांएवढे लांब पितळी कर्णे भोंकायला लागले. मागच्या सहा गाड्यांनी हॉर्न दाबून धरले. माझे दिवे पेटले ते पेटलेच. ना लुकलुक, ना काही. नुसता निळा, मख्ख उजेड.

दादानं दुरून माझ्याकडे पाहिलं आणि तळवा उलटा केला. काय गातायत?

मी धावले. आरशावरचा माइक ओरबाडून काढला, खिडकीतून सबोहतच्या मांडीवर टाकला आणि ओरडले, “काच वर घे! तुझ्या बापाला काहीच कळत नाहीये गं!”

काचा वर गेल्या. हॉर्न बाहेर राहिले, पण गाणंही बाहेरच राहिलं. दिवे विझले. आगीतून फुफाट्यात! कुवोंचनं इंजिन सुरू केलं.

“थांब!” मी बॉनेटवर थाप मारली. “हललास तर बघ!”

“ओपा, रांग खोळंबलीय!”

“खोळंबू दे मेली!”

तेवढ्यात खिडकीच्या कडेला निळं काहीतरी हललं. एकदा. मग पुन्हा, जरा लांब. मला वाटलं, बायकांचंच गाणं पोचतंय. पण बायकांची थाप एकीकडे आणि दिवे भलतीकडेच. मी काचेला नाक लावलं. सबोहतनं माइक ओढणीच्या आत धरला होता आणि ओढणी श्वासाश्वासाला हलत होती.

पोरगी गात होती! नवरीनं मान खाली घालायची, रडायचं. स्वतःचंच योर-योर गाणारी नवरी आमच्या सात पिढ्यांत झाली नसेल. सासरची माणसं चार हातांवर उभी. कळलं असतं तर महिनाभर चघळलं असतं. पण काचा बंद होत्या, कर्णे ऊर फोडून वाजत होते, आणि एवढ्या गर्दीत नवरी गातेय हे कुणालाच कळत नव्हतं.

दादा मात्र उंबरा सोडून दोन पावलं पुढे आला होता. खिडकी निळी व्हायची, थांबायची, थरथरायची, पुन्हा उजळायची. त्याचे ओठ उघडे राहिले होते. तो बायकांकडे बघत नव्हता, कर्णेवाल्यांकडे बघत नव्हता. त्यानं बोट गाडीकडे केलं आणि नजरेनंच मला विचारलं. मी मान डोलावली. हो रे, तीच.

कुवोंचला आरशात सगळं दिसत होतं. तो भला माणूस गाडी गिअरमध्ये घालायचं विसरल्याचं सोंग करत बसला. दिवे थांबल्यावरच त्यानं ब्रेक सोडला.

गाड्या वळणापलीकडे गेल्या. बायका डोळे पुसत अंगणात परतल्या. दादा माझ्याजवळ आला.

“आवाज कसा आहे तिचा आता?”

अठरा वर्षांत त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं. मी सांगायला गेले, पण रडू फुटलं आणि ओठ वेडेवाकडे व्हायला लागले.

“नीट बोल, वाचता येत नाही!”

मी डोक्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. काचेला कान लावून मी ऐकलं होतं, थोडंसंच, पण ऐकलं होतं. एकेक शब्द सुटा करून सांगितला. “जाडा आहे. तिच्या आईसारखा नाही. अगदी तुझ्यासारखा आहे.”

त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

“म्हणजे बेसूर!” तो इतक्या आनंदानं ओरडला, की अख्ख्या गल्लीनं वळून पाहिलं.