धोंडुबाई बोलते का?

गुरुप्रसाद सरांना संशयाची भारी खोड. खडू संपला तरी तो कुणी पळवला, हेच त्यांना आधी सुचायचं. त्यात या आठवड्यात प्रियदर्शनीचा निबंध हाती पडला. गडमुडशिंगीहून बसनं येणारी, घरच्या म्हशींच्या धारा काढून वर्गात जांभया देणारी पोरगी, आणि बारावीला लावलेल्या जुन्या, नावाजलेल्या कादंबरीवर असं लिहिते? निबंध फार चांगला होता, म्हणूनच सरांना राग आला. मोबाईलवरून उतरवला असणार, दुसरं काय!

जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला कॉलेजातून एकच नाव जायचं होतं आणि विषय हीच कादंबरी. प्रियदर्शनीचं नाव जवळपास ठरलेलं. पण तिनं पुस्तक वाचलेलंच नाही असं निघालं, तर अंतराला पाठवायचं, हे सरांनी मनाशी पक्कं केलं.

उजळणीच्या तासाला त्यांनी खेळ काढला. ज्याचा डाव त्याच्या पाठीवर कादंबरीतल्या पात्राच्या नावाची चिठ्ठी. त्यानं वर्गाला प्रश्न विचारून आपण कोण ते ओळखायचं. उत्तर फक्त हो किंवा नाही. यशराज गुऱ्हाळाचा मालक झाला, अंतरा मालकीण. दोघांनीही झटक्यात ओळखलं. प्रियदर्शनीसाठी मात्र सरांनी मुद्दाम धोंडुबाई राखून ठेवली होती. गुऱ्हाळावर गूळ शिजवायच्या काहिली घासणाऱ्या या बाईचं गाईडात नावसुद्धा नव्हतं.

"मी बाई हाय?"

"व्हय!" वर्ग ओरडला.

"मालकाच्या घरातली?"

कुणी व्हय म्हणालं, कुणी न्हाय.

"गुऱ्हाळाला आग लागती, तवा मी तिथं असते?"

आता सगळेच छताकडे बघू लागले.

"सर, ह्यांस्नी ठावंच न्हाय. तुमीच सांगा की. मी कादंबरीत कधी बोलते का?"

"नाही," सर ठासून म्हणाले. "एक शब्दसुद्धा नाही."

"मग मी धोंडुबाई न्हाय," ती हिरमुसून म्हणाली.

सापडली! सरांनी तिच्या पाठीवरची चिठ्ठी ओढून वर्गापुढे नाचवली. "धोंडुबाईच आहेस तू! पुस्तक वाचलं असतंस तर कळलं असतं. स्पर्धेला अंतरा जाईल."

प्रियदर्शनीचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. "सर, धोंडुबाई बोलती की. समद्यांस्नी ती मुकी वाटती, पर शेवटाला मालकाच्या तोंडावर म्हणती, आग तुमीच लावली, म्या बघितलं." तिनं दप्तरातून कादंबरी काढली. खुणेसाठी पानापानांत बसची तिकिटं होती. तिनं शेवटचं तिकीट काढून पान सरांपुढे धरलं.

सरांनी वाचलं आणि त्यांची कानशिलं तापली. धोंडुबाई त्यांनी सकाळीच सुरुवातीची पानं चाळून शोधली होती. एरवी इतकी वर्षं शिकवलं ते गाईडावरच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

मागच्या बाकावरून यशराज उठला. "सर, आता तुमच्यावर डाव. तुमी ही कादंबरी पुरी वाचलीया?"

"अरे, त्याचं असं आहे की..."

"फकस्त हो किंवा न्हाय, सर. नियम तुमचाच हाय."

कुणी हसलं नाही. आठवडाभर सर प्रियदर्शनीकडे ज्या नजरेनं बघत होते, त्याच नजरेनं सगळा वर्ग आता त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी फळ्याकडे वळून स्पर्धेसाठी प्रियदर्शनीचं नाव लिहिलं. मग वर्गाकडे पाठ ठेवूनच ते म्हणाले, "नाही."