पाणी पुंजके धरेना

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर केमिस्ट म्हणून ती लागली त्याला तीन महिने होत आले होते, आणि एवढ्यात तिचं खरं नाव सगळे विसरून गेले होते. पाठीमागे सगळे तिला ‘कशावरून’ म्हणत. फोरमनकाकांनी सांगावं, आज नदी गढूळ आहे, की ही विचारणार, कशावरून? साहेबांनी म्हणावं, थंडी वाढणार, तरी तेच. एकदा झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “बाई, तुम्ही आज दमलेल्या दिसता,” तर बाईंनी त्यांनाही सोडलं नाही.

खोड लहानपणची. तिचे वडील न्हावी. गिऱ्हाइकाच्या हनुवटीला वस्तरा लागला की ते तुरटीचा खडा फिरवत आणि रक्त थांबे. घरी गढूळ पाणी आलं की दुसरा एक खडा भांड्यात चार वेळा फिरवत, आणि तासाभरात गाळ तळाशी बसे. सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, रक्त थांबवणारी वस्तू पाणी कसं साफ करते? वडील म्हणाले, “दोन्हीकडे ती विखुरलेल्याला एकत्र आणते. पुढचं मला माहीत नाही. तू शीक आणि मला सांग.” वडिलांनी बहुधा पिच्छा सोडवायला म्हटलं असेल, पण पोरीनं ते मनावर घेतलं.

शिकली ती असं, की नदीच्या पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की पाणी नुसतं ठेवलं तर ते दिवसचे दिवस खाली बसत नाहीत. सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत. एका घरात अबोला धरून राहणाऱ्या जावांसारखे. तुरटी तो भार मोडते. मग कण चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होऊन बसतात आणि वर नितळ पाणी राहतं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, आम्ल घातल्यावर रबराचा चीक थिजतो, जखमेवर रक्त साकळतं, ही सगळी तिला एकाच गोतातली मंडळी वाटायची. सुटं असलेलं एकत्र का येतं, याचं तिला भारी अप्रूप.

पण तुरटी घालायची किती, हा केंद्रावरचा खरा प्रश्न. फोरमनकाका तीस वर्षं टाकीच्या कठड्याला टेकून, पाण्याच्या रंगाकडे बघून तो आकडा सांगत, आणि त्यांचा हात सढळ होता. ही आली आणि तिनं टेबलावर सहा काचेची भांडी मांडली. सगळ्यांत नदीचं पाणी सारखं, तुरटी मात्र वेगवेगळी. आधी भरभर ढवळायचं, मग हळूहळू, मग हात बांधून बघत बसायचं. ज्या भांड्यात पुंजके झकास बसतील, त्याचं प्रमाण टाकीला लावायचं. दोन महिन्यांत तुरटी एक तृतीयांशानं कमी झाली. काकांना ते झोंबलं. ते भांड्यांकडे पाठ करून बसायला लागले.

आणि मग थंडीची लाट आली. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काका प्रयोगशाळेच्या दारात उभे. “बाई, टाकीत या. तुमचं पाणी पुंजके धरेना.”

तिनं आधी भांड्यांकडे पाहिलं. चौथ्या भांड्यात मोठाले, कापसासारखे पुंजके ऐटीत खाली उतरत होते. मग ती टाकीवर गेली. तिथं नुसतं धुरकट पाणी, आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे कण भटकत होते. नदी तीच होती, तुरटी तीच होती, प्रमाणही तेच होतं. काकांनी ते दुप्पट करून पाहिलं. दहा वाजता पाणी होतं तसंच होतं, उलट थोडं अधिकच धुरकट.

साहेब आले. ते ओरडणाऱ्यांतले नव्हते, हळू बोलायचे, आणि त्यामुळेच सगळे घाबरायचे. “वरच्या टाकीत पाच वाजेपर्यंत पुरेल एवढं चांगलं पाणी आहे. पाचला मी शहराचे नळ बंद करणार. रुग्णालयाचासुद्धा. आणि नळ बंद झाले, तर उद्यापासून तुमची भांडी कपाटात जातील आणि तुम्ही मुख्य कार्यालयात फायली लावायला.”

भीती तिला वाटली, खूपच वाटली.  पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या डोक्यावर बसून दुसरंच काहीतरी तिला टोचत होतं. भांड्यात जमतं ते टाकीत का जमत नाही? कुठलं तरी एक खोटं बोलत होतं.

तिनं नव्यानं नमुना घ्यायचं ठरवलं. एरवी हे काम मावशी करत. सहाला आल्या की टाकीच्या तोंडाशी, तुरटी पडायच्या आधीचं पाणी बादलीत भरून आणून ठेवत. आज ती स्वतः वाकली आणि डबा बुडवताना मनगटापर्यंत हात पाण्यात गेला. कळ थेट कोपरापर्यंत चढली. बोटं मिटेनात. तशीच ती प्रयोगशाळेत धावली आणि गारठलेला हात चौथ्या भांड्यात घातला.

पाणी कोमट होतं.

बादली हीटरला खेटून ठेवलेली होती. मावशी कोपऱ्यात फडकं पिळत होत्या. त्यांच्याकडे न बघताच तिनं विचारलं, “ही बादली इथं कधीपासून?”

“थंडी पडली तेव्हापासून,” मावशी म्हणाल्या. “गार पाण्यात तुमची बोटं निळी पडायची हो, बाई. बघवेना मला. काही चुकलं का?”

तिनं नोंदवही उघडली. नमुन्याचं तापमान, तीन दिवस, तिच्याच अक्षरात: बावीस अंश. टाकीतलं पाणी तिनं आता जाऊन मोजलं: पाच अंश. साऱ्या जगाला कशावरून विचारणारी ही बाई रोज थर्मामीटर बुडवून बावीस लिहीत होती, आणि बाहेर बर्फासारखी नदी वाहत असताना बादलीत बावीस कुठून आले, हे तिनं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गार पाण्यात तुरटीचं काम रेंगाळतं, कण एकमेकांवर आदळतात कमी आणि बसतात सावकाश, हे ती परीक्षेत लिहून चांगले गुण घेऊन आली होती.

तिनं खिडक्या सताड उघडल्या, हीटर बंद केला आणि टाकीच्या तोंडाशी थेट भरून आणलेल्या पाण्यावर चाचणी लावली. काका बघायला आले आणि बघताबघता ढवळायला लागले. कालचं प्रमाण फसलं. दुप्पट तुरटीचं भांडंही फसलं. मधल्या प्रमाणात, तुरटीनं आंबटावलेलं पाणी सावरायला, थोडी चुन्याची निवळी घालून, हळू ढवळणं दुपटीनं लांबवलं, तेव्हा पाचव्या भांड्यात आधी धूसर ठिपके, मग पुंजके, मग हलकेच पडणारा गाळ दिसला. काका पुटपुटले, “याला घाई नको आहे.”

म्हणजे टाकीतलं पाणीही सावकाश सोडायला हवं होतं. प्रवाह निम्मा करायला साहेब तयार झाले. शहरात धार बारीक होईल, पण बंद होणार नाही. साडेबाराला नवं प्रमाण लागलं. त्यानंतरचे चार तास ती कठड्यावरून हलली नाही. पावणेपाचला तिनं बाटली उजेडासमोर धरली, मग गढूळपणा मोजायच्या यंत्रात घातली. आकडा मर्यादेच्या खाली होता. काकांनी तिच्या हातातून बाटली घेऊन स्वतः बघितलं, आणि वर जाऊन पुरवठ्याच्या खोलीत सांगून आले की नळ चालू राहू देत.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. “बादली हीटरपाशी कुणी ठेवली?”

मावशींनी तोंड उघडलं, पण ती आधी बोलली. “बादली कुणीही ठेवली असेल. तिचं तापमान मी मोजलं, मी लिहिलं आणि मीच बघितलं नाही. ती नोंद माझी आहे, चूकही माझीच.”

“याची लेखी ताकीद द्यावी लागेल. तुमच्या फायलीत राहील ती.”

“हो, साहेब. भांडी?”

साहेब लिहायला बसले. लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं उभ्या उभ्या वाचला. नमुना कोमट असल्याकडे केमिस्टनं दुर्लक्ष केलं, त्यामुळे पुरवठा धोक्यात आला, सबब ताकीद देण्यात येत आहे. खाली आणखी एक ओळ होती: चाचणी यापुढेही रोज घ्यावी, मात्र टाकीवरच घ्यावी. तिला रडू येईलसं वाटलं. मग तिनं कागद पुन्हा वरपासून वाचला आणि परत साहेबांसमोर ठेवला.

“सही करा ना,” साहेब म्हणाले. “काही हरकत आहे का?”

“ताकिदीला नाही, साहेब. पण इथं नुसतं कोमट लिहिलंय. नमुना बावीस अंश आणि टाकी पाच अंश, असं लिहा. माझ्यानंतर जे कुणी येईल, त्याला कोमटवरून काहीच कळायचं नाही.”

 साहेबांनी कागद ओढून घेतला, ‘कोमट’वर काट मारली आणि आकडे लिहिले.