उरलेल्या मालाची वाट

कमळाकरच्या स्लॅबला शेजारीपाजारी घमेलं घेऊन उभे राहत नसत. दुसऱ्या कुठल्याही ठेकेदाराचा स्लॅब पडला की संध्याकाळी चार माणसं रेंगाळायचीच, कारण काँक्रीटचा माल थोडाफार उरतो आणि उरलेला माल फुकट मिळतो. कुणी त्यातून दाराची पायरी करतं, कुणी मोरीचा कट्टा. कमळाकरकडे मात्र कधी काही उरलंच नाही. फळ्या ठोकून झाल्या की तो त्यांच्यावरून एकदा चालून यायचा आणि सांगायचा, इतक्या गोणी सिमेंट, इतकी रेती, इतकी खडी. शेवटचं घमेलं बरोबर शेवटच्या कोपऱ्यात रिकामं व्हायचं. या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता. अख्ख्या पनवेलात तो मिरवून झाला होता. लग्नाच्या पंगतीत बसला तरी वाढप्याला ऐकवायचा, "माज्या पानात काय उरनार नाय."

घर पळस्प्याच्या अलीकडच्या गावात, अगदी वळणावर. द्रोणागिरीच्या गोदामांतून निघालेले कंटेनर फाट्यावरची गर्दी चुकवायला गावात शिरायचे आणि वळताना त्यांचं बूड कमळाकरच्या फाटकासमोरच्या विजेच्या खांबाला घासायचं. घासून घासून खांब कलला होता. बायको, मनिषा, दर खेपेला बाहेर येऊन ड्रायव्हरवर ओरडायची आणि मग आत येऊन नवऱ्यावर.

"आवो, त्या पोलाचा काय तरी करा. एक दिस पडनार हाय तो."

"करतो ना. पत्र्याचा पिंप उभा कापायचा, पोलाला गुंडाळायचा, आत माल भरायचा. मग ट्रेलर काय, रनगाडा आला तरी हालनार नाय."

"पन कवा?"

"पुढच्या स्लॅबचा माल उरला का लगेच."

सरकारी खांबाला घरचं सिमेंट घालणारा वेडा कोण, असं त्याचं मत. वीजवाल्यांना सांगून झालं होतं, ते "बघतो" म्हणाले होते. तेव्हा उरलेल्या मालाचा वायदा बरा, त्याला पैसे पडत नाहीत. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. स्लॅबमागून स्लॅब पडले आणि माल काही उरला नाही. एकदा जेवताना मनिषा हसून म्हणाली, "देवा, या मानसाचा हिशोब एकदा तरी चुकू दे!" कमळाकरही हसला. पण ते त्याला लागलं होतं. पुढच्या स्लॅबला त्याने हिशोब आणखी आवळून केला आणि घरी येऊन मुद्दाम सांगितलं, "आजपन नाय उरला."

डिसेंबरातल्या एका सकाळी वळणाऱ्या ट्रेलरने खांब पाडला. आवाज ऐकून मनिषा धावत बाहेर आली. तुटलेली तार लोखंडी फाटकावर लोंबत होती, ती तिला दिसली नाही. ड्रायव्हरवर ओरडतच तिने फाटकाला हात घातला. कमळाकर तेव्हा उरणला एका स्लॅबवर होता. फोन आल्यावर तो निघाला, पण घाई करून उपयोग नाही हे त्याला कुणी फोनवर सांगितलं नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण ड्रायव्हरला शिव्या घालायचा, नाहीतर वीजवाल्यांना. कमळाकर मान हलवायचा. त्याची मुलगी मनस्वी कॉलेजात शिकत होती. ती कुणालाच शिव्या घालत नव्हती, नुसती बापाकडे बघत बसायची. तिला सगळं सांगावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो ते उद्यावर ढकलायचा. बायको गेली होती. आता पोरगीही तुटली तर काय, ही भीती होती.

वीजवाल्यांनी नवा खांब उभा केला. दिवसकार्य आटोपल्यावर कमळाकरने डोंगरापलीकडच्या वाडीतून चांगोला बोलावलं. माल कालवण्यात चांगोची उमर गेली होती. पिंप कापून खांबाभोवती गुंडाळून झालं.

"शेट, गोनी किती घेऊ?"

कमळाकरने पिंपाकडे नुसतं बघितलं आणि तोंडातून आपोआप आलं, "तीन."

मग तो तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसला. लोकांच्या घरांवर ढीगभर सिमेंट ओतलेल्या या माणसाने एवढं एक माप कधी काढलंच नव्हतं. घरच्या पडवीत सिमेंटच्या पाच गोणी दिवाळीपासून भिंतीला टेकून होत्या. मनिषा त्यांच्या कडेकडेने झाडू मारायची.

मनस्वी चहा घेऊन आली तेव्हा तो रडत होता. चांगो पाणी आणायच्या निमित्ताने बाजूला झाला.

"मनू, तुजी आई मना किती दिस सांगत व्हती..."

"माहितीये," ती म्हणाली. "मलापण सांगायची ती. तू कधी बोलतोस त्याचीच वाट बघत होते मी, बाबा." आणि तिने खाली वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यावर तो थांबला असता तर पोरगी त्याची राहिली असती. पण आता त्याला काहीच पोटात ठेववेना.

"नाय, तुला समदा म्हाईत नाय. ती बोलली, हिशोब चुकू दे. तवा मी आनखी आवळला. माल उरून द्यायचाच नव्हता मना. ती जिंकंल म्हनून."

मनस्वीने हात काढून घेतला. चहाचे कप तिथेच ठेवून ती आत गेली आणि चांगो माल ओतत होता तेवढ्यात बॅग घेऊन बाहेर आली. करंजाला मावशीकडे जाते, म्हणाली. किती दिवसांसाठी, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

नव्या काँक्रीटला पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात. कमळाकर रोज सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन खांबापाशी जायचा. वळणावरचे ड्रायव्हर आता ते धूड बघून आधीच गाडी आवरायचे. महिना होत आला तेव्हा चांगो कामाचं विचारायला आला आणि ओला खांब बघून म्हणाला, "शेट, बास झाला आता पानी. कवाच पक्का झालाय."

"ती फोन उचलत नाय रे," कमळाकर म्हणाला, आणि दुसरी बादली भरायला गेला.