टाकीवरचा लाल फुगा

मी एक जुना लाल फुगा आहे. मित्रांनो, हसू नका. वाढदिवसाच्या पाकिटातला मी शेवटचा. माझी भावंडं तासाभरात फुटून गेली आणि मी ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. पण माझ्या वाट्याला जे काम आलं, ते त्यांच्यापैकी कुणाच्या नशिबी नव्हतं.

आमचे मिस्त्री एरवी पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये स्वतःच्या हातांनी दोन माणसांचं विमान बांधायचे. दुसरी जागा बायकोची, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

एका सकाळी आठ वाजता त्यांनी विमानाच्या पेट्रोलच्या टाकीची सगळी तोंडं बंद केली. एका नळीवर मला बांधलं आणि सायकलच्या पंपाने टाकीत हळूहळू हवा भरली. मी फुगलो. त्यांनी दोऱ्याने माझा घेर मोजून दोऱ्याला गाठ मारली. टाकी गळत असेल, तर मी बारीक होणार होतो.

टाकी गळत होती. मला ते पहिल्या तासातच कळलं. हवा सुईच्या टोकाएवढ्या वाटेने निसटत होती. पण सांगणार कसं? मला एकच तोंड, तेही बांधलेलं.

मग ऊन चढलं. शेडचे पत्रे तापले, टाकी तापली, आतली हवा पसरली आणि मी टरारून फुगलो. दोन वाजता मिस्त्रींनी दोरा गुंडाळून पाहिला, तर गाठीपर्यंतचा दोरा पुरेना.

"शाब्बास रे गड्या," म्हणत त्यांनी मला थोपटलं. खरं सांगतो, माझं असं कौतुक कुणी कधीच केलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

त्यांनी पंखाचा पत्रा उचलला. तो रिवेटच्या पक्क्या खिळ्यांनी बसवला की टाकी कायमची झाकली जाणार होती. पहिला रिवेट भोकात गेला. माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात त्यांची बायको दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली. त्या नर्स होत्या. त्यांनी दोरा हातात घेतला आणि माझ्याभोवती लावून पाहिला.

"अहो, परत हवा भरलीत का?"

"नाही गं. सकाळपासून हातसुद्धा लावला नाही."

"मग हा जाड कसा झाला?"

मिस्त्रींनी वर तापलेल्या पत्र्यांकडे पाहिलं. "उन्हाने असेल."

"मग गळतंय की नाही, ते कसं कळणार? आम्ही पेशंटचा ताप ठरल्या वेळीच बघतो. उद्या सकाळी आठलाच, ऊन चढायच्या आधी मोजा. त्या टाकीशेजारी मला बसायचंय."

"अख्खा दिवस फुकट जाईल."

"जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी वाळक्या मिरचीसारखा लोंबत होतो. मिस्त्रींनी टाकीला साबणाचं पाणी लावलं. खालच्या एका रिवेटपाशी बारीक बुडबुडे आले. मिस्त्री तिथेच उकिडवे बसले.

"मी तर बंदच करत होतो," ते हळूच म्हणाले. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

गळती बुजवली. मला पुन्हा बांधलं, आणि या वेळी सकाळी आठला मोजलेला मी दुसऱ्या सकाळी आठलाही तेवढाच भरलो. काही महिन्यांनी दोघं उडाले आणि सुखरूप उतरले. मी मात्र आता चिरलोय, फळीवर धूळ खात पडलोय. त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, 'सगळं ठीक आहे' हे ऐकून फार गोड वाटलं, तर जरा थांबा आणि पुन्हा मोजा. त्या दुपारी मी टणक होतो, शाबासकी घेत होतो, आणि खाली टाकी गळत होती.