आपल्या माणसांचे दर

माझ्या साबणवाल्या क्लायंटचा फोन 'जरासं'नेच सुरू होतो. वेष्टन जरासं निळं करा, नाव जरासं मोठं करा, फुलं जराशी हसरी काढा. फुलं! हसरी! सगळं करून दिलं की म्हणणार, "ताई, पहिलंच बरं होतं हो." या बदलांचे पैसे? छे! मी त्यांना घरच्यासारखी ना!

डिझाइनची नोकरी सोडताना साहेबांना मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते, "आता माझं मी बघेन." बघतेय! साबणवाले गेले तर निम्मी कमाई जाणार आणि मी त्याच साहेबांच्या दारात तोंड पाडून उभी राहणार. म्हणून इतके दिवस मूग गिळून गप्प होते. नाही म्हणायला घरून काम करण्याचे फायदेही आहेत. जेवणाच्या टेबलावर ऑफिस, चहा आपोआप हाताशी येतो, लेक शाळेतून आपोआप घरी येते.

त्या दिवशी मात्र डोकं फिरलं. फोन आला, "ताई, जरासं..."

"थांबा," मी म्हटलं. "यापुढे दोन बदल फुकट. तिसऱ्यापासून वेगळे पैसे. आणि अर्धे आधी."

"अहो, पाच मिनिटांचं तर काम!"

"मग तुम्हीच करा की."

"ताई, आपल्या माणसांत कसला हिशेब?"

"तुम्ही आपल्या माणसांना साबण फुकट वाटता का?"

मग, "विचार करून कळवतो," आणि फोन बंद. गेलं गिऱ्हाईक!

समोर सासूबाई भाजी निवडत होत्या. "बरं केलंस," त्या म्हणाल्या. "सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही." मला कसलं सुचतंय! मी मनातल्या मनात साहेबांसाठी गोड वाक्यं जुळवत बसले होते.

शाळा सुटायच्या सुमाराला मेसेज आला. 'ठीक आहे. अर्धे पाठवले. फुलं जराशी हसरी.'

मी खुर्चीतून उडालेच! "आई, मानलं त्यांनी! आता हे आजच संपवते. तुम्ही जरा पोरीला शाळेतून आणा, येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून माझे प्रिंट घ्या, आणि जायच्या आधी जरासा चहा टाका ना. पाच मिनिटांचं तर काम."

सासूबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं.

"दोन कामं फुकट," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यापासून वेगळे पैसे. आणि अर्धे आधी."

मी खो खो हसले. त्या हसल्या नाहीत. हात पुढे केला होता, तो तसाच होता.

"काहीतरीच काय आई! आपल्या माणसांत कसला..."

मी उठले आणि मुकाट्याने पर्स शोधायला लागले.